अनवाणी पायांचे दोन इतिहास

'अनवाणी' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या घडणीकडे सहसा लक्ष जात नाही. संस्कृतातील 'उपानह्' म्हणजे पादत्राण. त्यावरून आपली 'वहाण' आली आणि त्यालाच अभावदर्शक 'अन्' लागून 'अनवाणी'. उघड्या पायासाठी आपण वापरतो तो शब्द पायाविषयी काहीच सांगत नाही, वहाण नसल्याचे तेवढे सांगतो. ती का नाही, हेही त्यातून कळत नाही. काढून ठेवली म्हणून नाही, परवडली नाही म्हणून नाही, की घालू दिली नाही म्हणून? अनवाणी चालण्याधावण्याच्या गुणदोषांची चर्चा अलीकडे पुष्कळ होते. ती नेमकी याच ठिकाणी तोकडी पडते, असे आम्हांला वाटते.

या चर्चेतील सर्वांत लाडके उदाहरण रोमचे आहे. १० सप्टेंबर १९६० रोजी ऑलिंपिकची मॅरेथॉन संध्याकाळी सुरू झाली आणि अंधार पडल्यावर कॉन्स्टन्टाइनच्या कमानीपाशी संपली. इथिओपियाच्या सम्राटाच्या रक्षकदलातील सैनिक अबेबे बिकिला २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत पहिला आला. तोवरची ती जगातील सर्वोत्तम वेळ होती आणि त्याच्या पायांत काहीही नव्हते. मुसोलिनीच्या फौजांनी १९३५-३६ मध्ये इथिओपिया जिंकून तेथील अक्सुमचा प्राचीन स्तंभ रोमला आणून उभा केला होता. शर्यतीच्या अखेरीस त्याच स्तंभाच्या परिसरात बिकिलाने आपल्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले. तो स्तंभ पुढे २००५ साली मायदेशी परतला. जेत्यांच्या राजधानीत जितांचा माणूस उघड्या पायांनी जिंकतो, हे चित्र कोणाही लेखकाला मोह पाडणारे आहे.

मात्र या चित्राला दोन पुरवण्या जोडाव्या लागतात. बिकिलाला मिळालेले बूट पायाला नीट बसत नव्हते आणि अनवाणी धावण्याचा सराव त्याला होता. म्हणून त्याने ते घातले नाहीत. चार वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियोत तो बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. म्हणजे रोमपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर. एवढ्यावरून बुटाचा विजय झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु उघडा पाय हेच त्याच्या यशाचे रहस्य होते, असेही मग म्हणता येत नाही.

शास्त्रज्ञांचा कौलही असाच दुपेडी आहे. १९९२ साली भारतात २,३०० मुलांच्या पाहणीवर आधारलेला एक लेख प्रसिद्ध झाला. बूटचपला वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले होते. २०१० मध्ये डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक पुष्कळदा टाचेऐवजी पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला धक्का सौम्य होतो. त्या सुमारास अनवाणी धावण्याची एक लाटच पाश्चात्त्य देशांत आली होती. पण २०१३ मध्ये उत्तर केनियातील दासानाच लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा जन्मभर अनवाणी राहिलेली ही माणसे आपल्या सोयीच्या वेगाने धावताना बहुधा टाचेवरच उतरतात असे दिसले. २०१४ मध्ये पायासारख्या आकाराचे पातळ बूट विकणाऱ्या एका कंपनीला, आरोग्यलाभाच्या जाहिरातींवरून झालेला दावा ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवावा लागला. थोडक्यात, लहानपणापासूनची सवय, जमीन आणि वेग यांवर बरेच अवलंबून आहे. आयुष्यभर बूट वापरलेल्या पायाने ते एकाएकी टाकून दिले तर त्याला इजा होण्याचाच संभव अधिक.

हे सर्व खरे असले, तरी ही अशा माणसांची चर्चा आहे ज्यांच्या घरी बूट आहेत. आता पुन्हा बिकिलाच्या देशात जाऊ. इथिओपियाच्या उंच पठारावरील लाल, ज्वालामुखीजन्य मातीत वर्षानुवर्षे अनवाणी राबणाऱ्या काही शेतकऱ्यांचे पाय सुजत जाऊन विद्रूप होतात. आपल्याकडील हत्तीरोगासारखेच ते दिसतात. पण येथे डास नाही, जंतूही नाही. मातीतील खनिजांचे सूक्ष्म कण त्वचेतून आत जातात आणि ज्यांच्यात आनुवंशिक प्रवणता असते त्यांच्या लसीकावाहिन्या निकामी करतात. अर्नेस्ट प्राइस या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने या रोगाचा माग काढला आणि त्याला ग्रीक शब्दांवरून 'पोडोकोनिओसिस' हे नाव दिले. 'पाय' आणि 'धूळ' या दोनच शब्दांचे ते बनले आहे. रोग्याच्या घराण्याशी सोयरीक टाळली जाते, त्याला शापित मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याचा समावेश केला. त्यावरचा प्रतिबंध काय, तर लहानपणापासून पायांत बूट आणि धुण्यास पाणी. अंकुशकृमीचीही कथा निराळी नाही. त्याच्या अळ्या त्वचेतून शरीरात शिरतात हे आर्थर लूस यांनी १८९८ मध्ये मांडले, आणि तेव्हापासून उघडा पाय हा आरोग्याचा प्रश्न झाला.

ज्या देशाने अनवाणी विजेता दिला त्याच देशात अनवाणी राहण्याने माणसे पंगू झाली. या दोन गोष्टींत विसंगती नाही. बिकिलापुढे बूट होते आणि त्याने ते नाकारले. शेतकऱ्यापुढे ते नव्हतेच.

आपल्या भूमीत या 'नसण्या'ला आणखी एक बाजू आहे. ज्या समाजाच्या महाकाव्यात पादुका सिंहासनावर विराजमान होतात, तेथे पादत्राण ही केवळ पायाच्या रक्षणाची वस्तू कशी राहील? अनेक गावांत दलितांना वरच्या जातींच्या आळीतून जाताना वहाणा काढून हाती घ्याव्या लागत. आणि चामडे कमावणारे, वहाण शिवणारे हात त्यांच्यापैकीच काही जातींचे होते. इंग्रज सत्ताधीशांनीही हे व्याकरण चटकन आत्मसात केले. १८५४ साली सरकारने ठरवून दिले की, युरोपीय पद्धतीचे बूट-मोजे घालणाऱ्या एतद्देशीयांनी सरकारी समारंभांत ते काढण्याचे कारण नाही. देशी जोडा मात्र बाहेरच राहावा, अशी अपेक्षा होती.

पुढे काळ उलटला तेव्हा याचे विडंबन व्हावे अशी घटना घडली. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन, गजानन माधव मुक्तिबोधांच्या १९६४ मधील निधनानंतर आपण पादत्राणे सोडली, असे सांगत. त्यांना १९८८ मध्ये मुंबईतील एका क्लबने अनवाणी असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. एकेकाळी जोडा काढल्याखेरीज आत घेत नसत. आता जोडा घातल्याखेरीज घेईनात. दोन्ही वेळी पायांवर हुकूम दुसऱ्याचाच.

आषाढी वारीत अनवाणी चालणारा वारकरी आणि मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर चालत आलेला आदिवासी शेतकरी, यांचे तळवे छायाचित्रात सारखेच दिसू शकतील. दोघांचेही फोड खरे आहेत. पण वारकऱ्याच्या शेजारी चपला घालून चालणारा वारकरीही असतो आणि त्याची वारी कमी प्रतीची मानली जात नाही. अनवाणी चालणे हा ज्याच्या त्याच्या नेमाचा भाग. मोर्चातील सोललेल्या पायांना तो पर्याय नव्हता. मुंबईकरांनी रस्त्यात उभे राहून त्यांना चपला वाटल्या, तेव्हा हा भेद सामान्य माणसाला न सांगता कळला, असे आम्ही मानतो.

साहित्याच्या अभ्यासकांना मात्र तो पुष्कळदा कळत नाही. कथाकवितेत अनवाणी पात्र आले की आपण साधेपणा, मातीशी नाते, निरागसता अशी ठरीव विशेषणे वर्गात सांगू लागतो आणि विद्यार्थी ती उत्तरपत्रिकेत उतरवतात. त्याऐवजी त्या पात्राच्या घरात वहाण आहे काय, असल्यास ती कोठे घालता येते आणि कोठे नाही, एवढे जरी संहितेत शोधले, तरी वाचनाची दिशा बदलेल. फायद्यातोट्यांचा हिशेब त्यानंतर मांडता येईल.