जोंधळ्याचं पोतं आणि गलाईचं दुकान

आमच्या आटपाडी-खानापूर भागातली माणसं परमुलखात काय करतात, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: गलाई. म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. सोनाराकडचं मोडीचं सोनं घ्यायचं, त्याच्या दुकानातली झाडलोटसुद्धा विकत घ्यायची. मुशीत आटवायचं, नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवायची. माणदेशासारख्या दुष्काळी मुलखातली ही माणसं पार केरळापासून पंजाबापर्यंत पसरली.

या धंद्याची गोष्ट सांगताना लोक सोन्याचं सांगतात. कोण किती लांब गेला, गावी येऊन कुणी केवढा बंगला बांधला. मला वाटतं, निम्मी गोष्ट चुलीपाशी आहे, आणि ती फारशी कुणी विचारत नाही.

माझी एक चुलत बहीण लग्न होऊन 1981 साली केरळात त्रिशूरला गेली. त्रिशूर म्हणजे दागिने घडवणाऱ्यांचं मोठं गाव. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती (ती 1998 साली सुरू झाली). सोलापूर गाठायचं, तिथून गुंटकल, रेणीगुंटा, पालघाट करत जायचं. सामानात काय होतं म्हणाल? कांदा-लसूण चटणीचा डबा, शाळूचं पीठ, हुलगे, आणि एक लहान जातं! सासरचे हसले म्हणे. पण त्या जात्यानं पुढं बरीच वर्षं घर चालवलं, कारण तिथल्या गिरणीत तांदूळ दळायची रीत. तो गिरणीवाला जोंधळ्याला हात लावायला तयार होईना.

मी 1986 च्या मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडं आठ दिवस राहिलो. पुढं भट्टी, मागं एक खोली, त्यातच स्वयंपाक. ॲसिड उकळायला लागलं की तांबूस धूर मागं यायचा, मग ती पिठाचा डबा उचलून परसात ठेवायची. मला म्हणाली, "दादा, हितं समदं मिळतंय, पर जुंधळा न्हाई."

जोंधळ्याला तिकडं काय म्हणतात हे शोधण्यातच तिचे सहा महिने गेले होते. कुणीतरी सांगितलं 'चोळम' म्हण. ती 'चोळम' म्हणाली तर दुकानदारानं मका पुढं केला. तमिळमध्ये चोळम म्हणजे जोंधळा, पण मल्याळी माणूस त्याच शब्दानं बहुधा मका समजतो. शेवटी वाट सापडली ती कोइमतूरची. त्या बाजूला जोंधळा पिकतो. भाऊजी धंद्याच्या कामानं तिकडं गेले की येताना पोतं आणायचे. हुलगा मात्र तिथंच मिळाला, 'मुतिरा' नावानं. त्या दिवशी तिनं माडगं केलं आणि कामाची पोरं दोनदा मागून जेवली.

या पोरांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण खरा मुद्दा इथं आहे. गलाईच्या दुकानात कामाला गावाकडचीच पोरं असत. कुणी भाच्याचा मित्र, कुणी वाडीतल्या विधवेचा मुलगा. पगार बेताचा, पण राहणं, जेवणं मालकाच्या घरी. चार-पाच वर्षांत मूस धरायला, कस बघायला शिकला की तो दुसऱ्या गावी आपलं दुकान टाकायचा आणि गावाकडनं आणखी दोन पोरं बोलवायचा. धंदा असा फांद्या फुटत पसरला. म्हणजे या शिक्षणाची फी कोण भरत होतं? ती बाई. माझी बहीण रोज सकाळी तीस-पस्तीस भाकरी थापत होती. दुकानाच्या वहीत सोन्याची गुंज न् गुंज लिहिलेली. तिच्या कामाची नोंद 'घरखर्च' या एका ओळीत.

बरं, खरेदी सोपी नव्हती. केरळात 1966 च्या आदेशानंतर रेशन घरोघर पोचलं होतं, पण बाहेरून आलेल्या माणसाला कार्ड कुठलं? सगळं खुल्या बाजारातून. उकड्या जाड तांदळाची तिला सवय नाही, खोबरेल तेलातली भाजी पोरं खाईनात, शेंगतेल शोधायचं. नवऱ्याला मल्याळी आली ती सोनारांपुरती. भाव करायची, उधारी सांगायची, शेजारणीशी भांडायची मल्याळी हिला आली. कांद्याला 'सवाळ' म्हणतात हे तिनं मला मोठ्या ऐटीत सांगितलं. तो कांदा बहुधा आपल्या नाशिककडचाच असणार!

त्यांच्या आधीच्या पिढीत बाप्ये एकटेच जात. 1963 साली सुवर्ण नियंत्रण आलं, नवे दागिने चौदा कॅरटच्या वर घडवायला बंदी झाली, पुष्कळ सोनार बसले. चौदा कॅरटची अट 1966 साली गेली, पण 1968 चा कायदा 1990 पर्यंत राहिला. अशा धाकधुकीत बायकापोरं कोण नेणार? आणि गावी राहून तरी काय? 1972 च्या दुष्काळात आमच्याकडं लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या खाल्लेली पोरंच पुढं बाहेर पडली. बायको सोबत गेली तेव्हा कुठं परगावचं दुकान हे 'घर' झालं. आमची माणसं तिकडं टिकली याचं हे कारण मला कौशल्याइतकंच मोठं वाटतं.

आता बहिणीची नातवंडं मत्ती मासा मिटक्या मारत खातात. भाकरी त्यांना खरसुंडीच्या जत्रेपुरती. जोंधळ्याचं पीठ पिशवीबंद मिळतं, पोतं आणावं लागत नाही. इकडं आटपाडीत डाळिंब होतंच, टेंभूचं पाणी आलं तसा ऊसही वाढला. शाळू आम्हीसुद्धा आता विकत घेतो. असो.

वाचकांपैकी कुणाच्या घरी त्या काळच्या गलाई दुकानाच्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. सोन्याची पानं कुणीही वाचेल. तुम्ही घरखर्चाची ओळ बघा: महिन्याला किती जोंधळा, किती पोरं जेवायला. आणि आई, आजी हयात असेल तर तिला आधी विचारा, तो जोंधळा यायचा कुठून.