अर्धा आणा आणि एक आणा

ठरलेला पगार आणि घरी येणारा पगार यांत अंतर असते, हे आपल्या धर्मग्रामांतील नोकरदार कुटुंबांना सांगावयास नको. मात्र हे अंतर सर्व काळी एकाच जातीचे नव्हते. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट व पुलगाव येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा तेथील कामगारास प्राप्तिकराची धास्ती नव्हती. 1886 च्या कायद्याने वार्षिक 500 रुपयांखालील उत्पन्न करमुक्तच ठेवले होते. गिरणी कामगारांच्या पगारास कात्री लावी तो दंड.

1929 मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने देशभरातील या दंडाची चौकशी केली. मुंबईच्या गिरण्यांत तर बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेत. मुकादमाची दस्तुरी निराळी. ती कोणत्याच वहीत नसे. पुढे 1936 चा वेतन प्रदान अधिनियम आला. दंडाची कमाल मर्यादा रुपयास अर्धा आणा ठरली, पंधरा वर्षांखालील मुलास दंड करण्यास मनाई झाली आणि जमा झालेला दंड कामगारांच्याच हितासाठी खर्चावा, असे बंधन आले. कायदा अगदीच भोळा नव्हता. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, पूर्वसूचनेवाचून गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा त्यानेच मालकास दिली. संपाचे भय कायदा करणाऱ्यांच्या मनातून गेले नव्हते, असेच आम्हांस वाटते.

याच सुमारास, ऑक्टोबर 1935 मध्ये, खुद्द वर्ध्यास अखिल भारतीय चरखा संघाने मजुरीचा हिशेब दुसऱ्या टोकाने मांडला. आठ तासांच्या चांगल्या कताईतून कातणाऱ्यास पुरेसे अन्न आणि वर्षाला किमान वीस वार कापड मिळालेच पाहिजे, असा तो ठराव होता. बाजारभाव मागाहून, घरात काय पोहोचते ते आधी. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाविषयी मांडलेला विचार याहून फार दूरचा नव्हे.

स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये, भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. प्रारंभी तो ज्या सहा उद्योगांस लागू झाला, त्यांत कापडउद्योग होता. कपात सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयास एक आणा! दंडाच्या कमाल मर्यादेच्या दुप्पट. परंतु हा आणा कामगाराच्याच नावे जमा होई आणि मालकासही तेवढाच आणा घालावा लागे. हातचे गेले तेवढे पाहून हळहळणाऱ्यास हा दुसरा आणा दिसत नसे. आजही पुष्कळांस तो दिसत नाही.

आजचे उदाहरण घेऊ. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये धरा. निधीचे 12 टक्के म्हणजे 1,800, राज्य विमा योजनेचे 113 आणि पुरुष कर्मचाऱ्यास व्यवसाय कराचे 200 वजा जाता हाती पडतात 12,887. मालकही निधीसाठी 1,800 भरतो. पण 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेप्रमाणे त्यांतील 1,250 पेन्शनकडे वळतात आणि पासबुकात 550 च चढतात. 'बाकीचे कोणी खाल्ले?' अशी शंका अनेक घरांत निघते, ती येथूनच.

व्यवसाय कराची कथा तर खास महाराष्ट्राची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये हा कर बसविण्यात आला. खडी फोडणाऱ्या भूमिहीनाच्या मजुरीस महिन्याचा पगार मिळविणाऱ्याने हातभार लावावा, ही त्यामागची योजना. एप्रिल 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. फेब्रुवारीत मात्र 200 ऐवजी 300 रुपये कापले जातात, ते वर्षाची बेरीज 2,500 व्हावी म्हणून. याहून अधिक व्यवसाय कर घेण्यास राज्यघटनेचीच मनाई आहे.