आकडा लावणाऱ्यांचं म्हातारपण

परवा गंगावेशीत चहाच्या गाडीवर एक मामा भेटले. वय 71. बाजूला घेऊन म्हणाले, "पत्रकार, श्रावणबाळचा फॉर्म भरायचाय. तलाठ्यानं इचारलं, जन्मभर काय धंदा केला, तर काय सांगू?"

नाव लिहीत नाही. पण मामांनी तीस वर्षं मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या. धंदा बेकायदेशीर, तेव्हा त्याचा कागद नाही, पगारपत्रक नाही, फंड नाही. रोज कमिशन मिळायचं, त्यातलं निम्मं रात्रीच्या क्लोजवर परत जायचं. आज हातात काय? महिन्याला 1,500 रुपये मिळतील अशी आशा.

घरी आलो आणि जुनी टिपणं काढून बसलो. मामांची ही गोष्ट एकट्याची नाही, तिला साठ वर्षांचा इतिहास आहे.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचे. त्यावर लोक आकडा लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. 1961 मध्ये ते भाव येणं बंद झालं. 1962 मध्ये कल्याणजी भगतांनी वरळीत आपला आकडा सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्रींनी वेगळा. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून नाव पडलं मटका. गिरणगावातून तो गावोगावच्या टपऱ्यांवर आला. हिशोब साधा: दहा आकड्यांतला एक लागला तर एकाला नऊ. म्हणजे दहातला एक रुपया कायम मालकाचा. खेळणारा जन्मभर खेळला तर कोण जिंकणार, हे मडक्यालाही माहीत होतं.

आता गंमत बघा. नोकरदाराला 1952 च्या कायद्यानं प्रॉव्हिडंट फंड मिळाला. टपरीवाला, हमाल, रिक्षावाला यांना काहीच नव्हतं. 1968 मध्ये सरकारनं पीपीएफ आणला. कुणीही खातं काढावं, पंधरा वर्षं पैसे भरावेत, मालकाची गरज नाही. आणि पुढच्याच वर्षी, 1969 मध्ये, आपल्या राज्य सरकारनं लॉटरी सुरू केली! एका हातानं म्हातारपणाची सोय, दुसऱ्या हातानं नशिबाचं तिकीट. पीपीएफसाठी बँकेच्या वेळेत जायचं, फॉर्म भरायचा. लॉटरीचं तिकीट एसटी स्टँडवर आणि मटक्याची चिठ्ठी गल्लीच्या तोंडावर. माणूस कुठं जाणार?

कराचंही ऐका. लॉटरीच्या बक्षिसाला आयकराच्या व्याख्येत 1972 पासून धरलं. आज अशा कमाईवर सरसकट 30 टक्के कर आहे. हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत आणि पीपीएफमध्ये भरलेल्या रकमेची सवलतही त्या कमाईपुरती चालत नाही. पीपीएफमध्ये पैसे टाकायला मनाई नाही, पण बक्षिसाच्या पैशाला बचतीकडे वळवणारा धक्का कायद्यात नाही.

अमेरिकेत वेगळं घडलं. तिथं 1962 मध्येच, म्हणजे वरळीत मटका फुटत होता त्याच वर्षी, स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी निवृत्ती बचतीचा कायदा झाला. पुढं रॉबर्ट ग्रोट्झिंगर नावाच्या माणसाची नोकरी गेली. 1978 मध्ये तो आठवड्याला 60 ते 80 तास कुत्र्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्यात घालवत होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1987 मध्ये कोर्टानं सांगितलं, इतक्या नेमानं पोटासाठी केलं तर हाही व्यवसायच. त्या वर्षभरात तो जिंकला की हरला? हरला होता!

आपल्याकडं मामांसारख्यांची पेन्शन म्हणजे भिशी. ती बुडाली की पोलिसात जायची सोय नाही. पण याच गावात दुसरी रीतही होती, पिग्मी. 1928 मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं ती सुरू केली, रोज दोन आणे गोळा करायचे. पुढं आपल्या पतसंस्थांनी ती उचलली. आमच्या गल्लीतले लॉटरीची तिकिटं विकणारे एक काका रोज पिग्मीला पैसे द्यायचे आणि वर्षअखेर ती रक्कम पोस्टात टाकायचे. मी एकदा विचारलं, "काका, स्वतः तिकीट घेत न्हाई?" म्हणाले, "हलवाई कधी पेढं खातो का?" आज ते व्याजावर जगतात, कुणाच्या दारात उभे नाहीत.

फरक दोघांच्या कमाईत फारसा नव्हता. रोजच्या कमाईतून रोजच काढून ठेवलं, एवढंच. मामांनी दिवसाला 50 रुपये, महिन्याला 1,500 बाजूला टाकले असते तर? आजच्या 7.1 टक्के दरानं पंधरा वर्षांत सुमारे पावणेपाच लाख होतात. आज तेच 1,500 ते सरकारकडं मागतायत.

मंडळी, हे जुनं झालं म्हणू नका. आता टपरी मोबाईलमध्ये होती. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण सवय कायद्यानं जात नाही. डिलिव्हरी करणारी, गाडा लावणारी, गॅरेजमधली आपली पोरं आज 22-25 ची आहेत. अटल पेन्शनचं दार 18 ते 40 वयालाच उघडं आहे, एनपीएस 2009 पासून सगळ्यांसाठी आहे. घरात असं कुणी असेल तर या आठवड्यात एक खातं उघडून द्या.

मामांचा फॉर्म भरला. धंद्याचं विचारलं तर "किरकोळ मजुरी" म्हणून सांगा म्हटलं. मामा हसले. म्हणाले, "मजुरीच की ओ ती. फक्त मालकाचा चेहरा कधी दिसला न्हाई."