'महारोग' हा शब्द आणि वडाळ्याचे संग्रहालय

रोगाची कारणे, लक्षणे व उपाय लोकांस समजावून सांगणे म्हणजे आरोग्यशिक्षण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कुष्ठरोगाच्या बाबतीत ती अपुरी ठरते. ह्या रोगाचा जंतू नॉर्वेतील बर्गेन येथे हान्सेन ह्यांनी १८७३ साली शोधून काढला. जागतिक आरोग्य संघटनेने १८८१ नव्हे, तर त्यानंतर तब्बल शंभर वर्षांनी, १९८१ साली, बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग निश्चितपणे बरा होऊ लागला. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे प्रमाण भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर गाठले. तरीही लोकांच्या मनातील धास्ती गेली नाही. तिचे मूळ जंतूत नसून शब्दांत आणि कुंपणांत आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू जाता असे दिसते की, मराठीत ह्या रोगाला मिळालेली बहुतेक नावे मुळात दुसऱ्याच कशाची तरी आहेत. आयुर्वेदात आठ दुर्धर व्याधींना मिळून 'महागद' किंवा 'महारोग' म्हणत. मूळव्याध, भगंदर, मुतखडा हेही त्यांत येत. मराठीने तो शब्द आकुंचित करून एकाच रोगाच्या माथी मारला. 'कुष्ठ' ही संज्ञाही वैद्यकग्रंथांत त्वचारोगांच्या अठरा प्रकारांना व्यापणारी होती. तिच्यापासून निघालेला हिंदी 'कोढ' कुष्ठरोग दर्शवितो, तर मराठी 'कोड' हा त्वचेवरील निरुपद्रवी पांढऱ्या डागांचा वाचक झाला. त्यामुळे कोड असलेल्या मुलीच्या विवाहात जे विघ्न येते त्यात दुसऱ्याच रोगाच्या भयाची छाया असते. ग्रामीण बोलीतील 'रगतपिती'चे मूळ जे रक्तपित्त, तो तर रक्तस्रावाचा विकार होय.

कुंपणाची हकीकत मुंबईची आहे. महापालिकेचे आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ ह्यांच्या पुढाकाराने व लोकवर्गणीच्या बळावर १८९० साली माटुंग्यास निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडण्यात आले. आज वडाळ्यास असलेले ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. मराठीच्या अभ्यासकांस ॲकवर्थ वेगळ्याच कारणाने परिचित आहेत. शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या साहाय्याने त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला. शाहिरांची कवने आणि रस्त्यावरचे रुग्ण ह्या दोहोंचा संग्रह एकाच गृहस्थाने एकाच सुमारास करावा, हा योग विलक्षण खरा. परंतु पहिल्यामागे जतनाची दृष्टी होती, तर दुसऱ्यात दयेबरोबरच रुग्ण शहराच्या दृष्टीआड करण्याचाही हेतू होता. त्याच सुमारास, १८९०-९१ मध्ये, हिंदुस्थानात पाहणी करणाऱ्या कुष्ठरोग आयोगाने हा रोग फारसा संसर्गजन्य नसून सक्तीने विलग करण्याचे कारण नाही, असा अभिप्राय दिला. सरकारने मात्र १८९८ चा कायदा केला आणि निर्धन रुग्णास अधिपत्रावाचून अटक करण्याची मुभा पोलिसांस दिली. तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळले गेले.

ह्या रुग्णालयाच्या आवारातच कुष्ठरोगाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. जुने दस्तऐवज, छायाचित्रे व उपकरणे ह्यांतून दिसते ते एवढेच की, विलगीकरण ही निसर्गाची आज्ञा नव्हती. विशिष्ट साली, विशिष्ट माणसांनी केलेली ती व्यवस्था होती. भित्तिपत्रकावरील 'कुष्ठरोग बरा होतो' हे वाक्य वाचणारा मान डोलावतो आणि रुग्णापासून दूर बसतो. ज्या जागी माणसे कोंडली गेली त्याच जागी तो इतिहास पाहणाऱ्यास असे सहजासहजी करता येत नाही. शिवाय ह्या जागेच्या इतिहासात केवळ दुःखच नाही. १८९७ च्या सुमारास येथील मैल्यापासून निघणारा वायू साठवून त्यावर इंजिन चालविण्याचा प्रयोग झाला; हिंदुस्थानातील जैववायूच्या इतिहासाचा आरंभ बहुधा येथूनच धरतात.

बर्गेनच्या सेंट योर्गेन रुग्णालयातील अखेरचे दोन रुग्ण १९४६ साली वारले आणि १९७० मध्ये तेथे संग्रहालय उघडले. तेथे रोग संपल्यावर स्मृती उरली. वडाळ्यास रुग्णालय चालू आहे आणि संग्रहालयही आहे. म्हणून येथील काम अधिक अवघड व अधिक निकडीचे. वर्तकनगरापासून कल्याणपर्यंतच्या शाळांस वडाळा दूर नाही आणि विषयही दूरचा नाही. कल्याणच्या पत्रीपुलाजवळ कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. तेथे दीर्घकाळ सेवा करणारे गजानन माने ह्यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली.

राहता राहिला प्रश्न परिचयपट्ट्यांच्या भाषेचा. बाबा आमटे ह्यांनी १९४९ साली स्थापिलेल्या संस्थेच्या नावात 'महारोगी' हा शब्द आजही आहे, आणि तो पुसण्याचे कारण नाही. संग्रहालयातील जुन्या कागदांवरचे 'लेपर', 'असायलम' हे शब्दही तसेच राहू द्यावेत. शेजारच्या पट्टीवर मात्र 'कुष्ठरुग्ण' असे लिहावे आणि दोन्ही शब्दांमधील वर्षे अंकांत द्यावीत.