मागाचा आवाज आणि मुलाचा कान

सुरतजवळच्या सचिनमध्ये खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं पुष्कळ. तिथे एखादं मूल हाकेला ओ देत नसेल, तर निदान डॉक्टरच्या आधीच ठरतं: “बाप लूमवर, घर कारखान्याला लागून, कान जाणारच. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही.” यातलं अर्धं खरं आहे, म्हणून ते खोडायला अवघड.

खरं आहे ते बापापुरतं. खडखडाटात वर्षं काढली की कानातल्या बाह्य केसपेशी मरतात. पहिली खाच बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास पडते. पण ही इजा बापाच्याच कानात राहते, मुलाला वारशाने मिळत नाही.

बरं, मुलाचा कान आवाजानेच गेला असं क्षणभर धरू. मग बाह्य केसपेशी आधी गेल्या असत्या. निरोगी कान स्वतःही क्षीण ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केंप यांनी १९७८ साली दाखवलं. तो या पेशींचाच, आणि ओएई तपासणी तोच टिपते. काही बहिऱ्या मुलांत मात्र ओएई चोख येते आणि मेंदूकडच्या वाटेवरचे विद्युतसंकेत मोजणाऱ्या बेरा तपासणीत लाटाच उमटत नाहीत. १९९६ साली आर्नल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला ‘ऑडिटरी न्यूरोपथी’ म्हटलं. माग धडाक्यात चालू, पण धोटा पलीकडे पोचत नाही, तसं हे. (नुसत्या ओएईवर बाळाला ‘पास’ करणं किती धोक्याचं, तेही इथेच कळावं.)

धोटा अडतो कुठे? अनेकदा आतल्या केसपेशी आणि श्रवणचेता यांच्या सांध्यावर. तिथे संदेश सोडायला ओटोफेर्लिन हे प्रथिन लागतं. त्याचं ओटीओएफ जनुक बहिरेपणाशी जोडलेलं असल्याचं १९९९ साली उघड झालं. या जनुकाच्या काही बदलांत तर मूल एरवी ठीक ऐकतं, ताप चढला की बहिरं होतं आणि उतरला की पुन्हा ऐकू लागतं. माग काही तापाबरोबर सुरू-बंद होत नाही.

राहिल्या सात पिढ्या. ओटीओएफचा हा दोष अप्रभावी असतो. आईबाप दोघांकडे एकेक सदोष प्रत असली तरी दोघांनाही स्वच्छ ऐकू येतं. दोन्ही सदोष प्रती एकाच मुलाकडे जाण्याची शक्यता दर खेपेला चारात एक. मामाची मुलगी करायची आपली रीत इथे नडते: एकाच आजोबांची सदोष प्रत दोन्हीकडून येऊ शकते. घराण्यात कुणी बहिरं नसणं हा जनुकाविरुद्धचा पुरावाच नव्हे.

दरवेळी जनुकच दोषी, असंही माझं म्हणणं नाही. जन्मानंतरची तीव्र कावीळ किंवा अपुऱ्या दिवसांचा जन्मही हीच वाट बिघडवतो. म्हणून तर कारण शोधायचं. ओटोफेर्लिनचा दोष असेल तर चेता सहसा शाबूत असते आणि कॉक्लिअर इम्प्लांट चांगलं लागू पडतं.

आणि शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सहा मुलांच्या कानात हेच जनुक सोडलं. ते वाहून नेणाऱ्या एका विषाणूत मावत नाही, म्हणून दोन तुकड्यांत. जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: सहांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं.