लहान आतड्यातील गाठी व आनुवंशिक पॉलिप : दुर्बिणीतून निदान

लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण त्याच्या सुरुवातीलाच थांबते आणि गुदमार्गाने घातलेली शेवटच्या थोड्या भागापर्यंत पोचते. मधला पल्ला पोट उघडल्याशिवाय नीट दिसत नसे. इस्रायली अभियंता गॅव्रिएल इडान यांची गिळायची कॅमेरा-कॅप्सूल २००० साली प्रसिद्ध झाली, तर जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ मध्ये दोन फुग्यांची एंटेरोस्कोपी मांडली. नाडी ओवताना नेफा गोळा व्हावा, तसे आतडे या दुर्बिणीच्या नळीवर गोळा होत जाते.

कॅप्सूल फक्त दाखवते. तुकडा काढणे, पॉलिप कापणे हे काम फुग्याच्या दुर्बिणीचे. आपल्याकडे आतड्याच्या टीबीने अरुंद झालेल्या जागी कॅप्सूल अडकू शकते, म्हणून शंका असल्यास आधी सीटी स्कॅन करतात. जिस्ट ही गाठ अस्तराखाली वाढते. वरवरच्या तुकड्यात ती सापडेलच असे नाही.

पॉइट्झ-जेगर्स या आनुवंशिक पॉलिप-विकाराची खूण मात्र दिव्याच्या उजेडातही दिसते : ओठांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला काळपट ठिपके. ओठांवरचे वयाबरोबर पुसट होतात, गालातले बहुधा टिकतात. पोटदुखीने मूल कळवळते, जंताचे औषध दिले जाते. प्रत्यक्षात पॉलिपमुळे आतड्यात आतडे शिरलेले असते. अशा कुटुंबातील मुलांची पहिली तपासणी आठव्या वर्षाच्या सुमारास करतात. दीड-दोन सेंटिमीटरचे पॉलिप त्रास होण्याआधीच काढणे इष्ट. एफएपी या दुसऱ्या आनुवंशिक पॉलिप-विकारात मोठे आतडे काढल्यानंतरही आद्यांत्रावर नजर ठेवावी लागते.

रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहा येथे शासकीय उपजिल्हा रुग्णालये आहेत. फुग्याची एंटेरोस्कोपी ही मोठ्या शहरांतील केंद्रांची बाब. पण संशय घेण्याचे काम तालुक्यातच व्हायला हवे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तेच अधिक कठीण. हिमोग्लोबिन पुन्हापुन्हा उतरते, लोहाच्या गोळ्या चालू असतात आणि त्यांनीही शौच काळी होते. मग आतला रक्तस्राव गोळ्यांच्या नावावर खपतो. मूळव्याधीच्या नावावर तर सर्रास.

या आनुवंशिक विकारांच्या जनुकीय तपासणीसाठी टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक ही संस्था रायगड जिल्ह्यातच आहे. रोहा-दिवा गाडी पेणवरून पनवेलला येते, पुढे लोकल. रक्त आधी आजारी व्यक्तीचे तपासतात. पॉइट्झ-जेगर्समध्ये एसटीके११, एफएपीत एपीसी जनुकातील दोष सापडला, की नातेवाइकांत तेवढाच शोधतात. प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. ज्याच्यात नाही, त्याला या विकारासाठी वारंवार दुर्बीण घालावी लागत नाही.