अबोल मूल आणि घरची भाषा

ज्या मुलाला वेळेवर वाचा फुटत नाही, त्याच्याविषयी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या एकच दिलासा दिला जात असे: ‘बोलेल उशिरा, त्याचे आजोबाही पाचव्या वर्षी बोलले होते.’ दिलासा खोटा ठरला की मुलाच्या माथी ‘मुका’ हा शब्द बसे. वाणी म्हणजे सरस्वती. ती ज्याच्यावर रुसली त्याला बुद्धी तरी कोठून असणार, असा तर्क त्यामागे होता. हा तर्क मोडायला फार काळ लागला, आणि त्या काळात दोन चुकीचे सल्ले पालकांच्या पदरी पडले.

अशा मुलांसाठी आपल्याकडे पहिली शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईस निघाली, ती बधिर मुलांची. न बोलणे हा न ऐकण्याचाच परिणाम, ही समजूत ‘मूकबधिर’ या जोडशब्दात पक्की झाली. त्याच सुमारास, १८८० साली, इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली व हातांच्या खुणांऐवजी तोंडी बोलणेच शिकवावे असा ठराव झाला. अनेक देशांतील शाळांतून खुणांना बंदी आली. खुणा केल्या तर मूल बोलण्याचा आळस करील, हा तो पहिला सल्ला.

दुसरा भाषेविषयीचा. वेल्समध्ये डी. जे. सेअर यांनी १९२३ साली असा निष्कर्ष मांडला की, दोन भाषांत वाढणारी मुले बुद्धीने मागे पडतात. १९६२ साली कॅनडात एलिझाबेथ पील व वॉलेस लॅम्बर्ट यांनी मुलांची घरची परिस्थितीही जुळवून तुलना केली, तेव्हा चित्र उलटे निघाले. तरीही ‘घरात एकच भाषा ठेवा’ हे अजून ऐकू येते. बारडोलीत घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत बहुधा तिसरीच भाषा. तेव्हा सोडायची ती मराठी, हे ओघानेच ठरते. आई उसन्या भाषेत अडखळते, आजी गप्प बसते. ज्या मुलाशी सर्वांत अधिक बोलायला हवे, त्याच्याशीच घर अबोल होते.

आपल्या देशात वाचा व श्रवण यांच्या शास्त्राला मैसूर येथे १९६५ साली आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली राष्ट्रीय संस्था लाभल्या. पण त्यांच्या मधल्या काळात मोठे काम एका आईने केले. मिठू अलूर यांची कन्या मालिनी हिला मेंदूचा पक्षाघात. तिच्यासारख्यांसाठी शाळा नव्हती, म्हणून १९७२ साली त्यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मालिनी चिब यांचे बोलणे परक्यांना कळणे कठीण. त्यांनी एका बोटाने टंकलेखन करीत पदव्या मिळवल्या आणि आत्मचरित्रही लिहिले. खूण, चित्र वा कळफलक वाचेची वाट अडवीत नाहीत, हे पुढे अभ्यासांनीही दाखवले.

सरकारी अर्जात रकाना असणे किती मोठी गोष्ट आहे, हे आम्ही नोकरीत पाहिले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते; ऐकू येऊनही न बोलणारे मूल त्यांत नीट बसत नसे. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, आणि स्वमग्नता तसेच वाचा व भाषा दोष यांना स्वतंत्र स्थान मिळाले.

आमच्या परिचयातील एक माता आठवड्यातून दोनदा मुलाला सुरतेस वाचातज्ज्ञांकडे नेत असे. तज्ज्ञ बाई मुलाच्या आवडीची वस्तू हाती धरून थांबत. त्याने मान वर करून पाहिले की ती देत. प्रथम नजर, मग बोट दाखवणे, मग चित्राचा तुकडा उचलून देणे, असे महिने गेले. पाहुण्यांना यात प्रगती दिसत नसे. ते ‘बोलतो का?’ एवढेच विचारीत. आईला मात्र प्रत्येक पायरी दिसत होती. तिने घरात मराठी सोडली नाही. एके दिवशी त्याने पेल्याकडे बोट करून ‘पा’ म्हटले. आजीला ते मराठी वाटले, शेजारच्या बेनला गुजराती. पाणी दोन्ही भाषांत पाणीच.

मूल दोन वर्षांचे होऊनही शब्द उच्चारत नसेल, तर आजोबांच्या गोष्टीवर विसंबू नये. आधी कान तपासून घ्यावेत, मग तज्ज्ञांकडे जावे. आणि घरात ज्या भाषेत आपल्याला अंगाई म्हणता येते, रागावता येते, त्याच भाषेत त्याच्याशी भरपूर बोलावे. उत्तर यायला वेळ लागेल. ते नजरेने आले तरी उत्तरच आहे.